लेखनक्रियानिरूपण

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास. लिहावे कसे, हे शिकवणाऱ्या जुन्या मराठी पाठांत इतका बारकाईचा पाठ क्वचितच आढळतो.

समास सुरू होतो तो बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर घोटून सुंदर करण्यापासून. पानावर शिशाने रेघा आखाव्यात, दोन ओळींतले अंतर सारखे ठेवावे, वरच्या ओळीतले लांब अक्षर खालच्या ओळीला भिडू देऊ नये. ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. पुढे बरू, चाकू, कातर, शाई, हिंगूळ, बासने, मेणकापड, पेट्या-कुलपे अशी सामग्री येते. अवघे लेखनिकाचे दप्तरच समर्थ उघडून दाखवतात.

या सूचनांमागची कारणे अधिक मोलाची आहेत. तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून अक्षर मध्यम असावे. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहतो. प्रत्येक नियम ठरतो तो पुढे वाचणाऱ्याच्या सोयीवरून, आणि हीच या शिकवणीची खरी थोरवी होय.

समास केवळ सुलेखनाचा धडा म्हणून वाचला, तर निम्मा हातचा जातो. लगेच पुढच्या समासात समर्थ लेखनभेदांकडून अर्थभेदांकडे वळतात; शब्द, अर्थ, मुद्रा, प्रबंध यांतले भेद जाणून घ्या म्हणतात. चौदाव्या दशकातील कवित्वावरच्या समासात तर रचना निर्मळ, सरळ, प्रांजळ, सोपी, थोडक्यात आणि अन्वय लागेल अशी असावी, ही अपेक्षा स्पष्ट मांडली आहे. शाळेत निबंध शिकवताना हे दोन्ही समास अक्षराच्या समासाला जोडून घ्यायला हवेत. वळणदार अक्षरातले वाक्यही अन्वय लागत नसेल तर वाचणाऱ्याला अडवतेच.

‘दासबोधा’चे लेखनिक समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी. त्यांच्या हातची, समर्थांनी तपासून दुरुस्त केलेली मानली जाणारी प्रत डोमगावच्या मठातली; धुळ्याच्या शं. श्री. देवांनी 1905 मध्ये तिच्या आधारे ‘दासबोध’ छापून प्रसिद्ध केला.