चैत्रगौरीची डाळ

दिवाळीच्या अंकात चैत्रातल्या पदार्थाविषयी लिहायला घ्यावे, हे जरा अवेळीचे आहे हे मला मान्य आहे. चकल्या-करंज्यांचे डबे भरून ठेवलेले असताना भिजवलेल्या डाळीची आठवण कोणाला होणार? पण परवा बेसनाच्या लाडवांसाठी हरभऱ्याची डाळ निवडायला बसलो आणि ताटातली ती पिवळीधमक डाळ पाहून मन थेट वणीच्या घरी, चैत्रातल्या एका दुपारी जाऊन पोचले. मग लाडू राहिले बाजूला.

वणी हे निर्गुडेच्या काठचे गाव. आज ते यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. पण १९०५ सालापर्यंत सगळा जिल्हाच वणीच्या नावाने ओळखला जात होता, हे आता वणीकरांतही फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्रजांच्या दप्तरात त्या नावाचे ‘वून’ झाले होते, ते सोडा. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म इथलाच, १८८० सालचा. भोवती कपाशी, तूर आणि ज्वारी, पोटात कोळसा, पलीकडे राजूरला चुन्याच्या भट्ट्या, आणि डोक्यावर असे ऊन, की वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांना टेकला तरी कोणी त्याची बातमी करीत नाही. दक्षिणेला थोडे गेले की पैनगंगा लागते आणि तिच्या पलीकडे तेलुगू मुलूख सुरू होतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. त्या महिन्यात सोयीचा एखादा दिवस पाहून घरोघर हळदीकुंकू होते. आलेल्या बायकांच्या हातावर कुठे वाळ्याचे अत्तर, कुठे गुलाबपाणी. ओटीत भिजवलेले हरभरे. पुढ्यात कैरीचे पन्हे आणि आंबेडाळ. पाच-सहा वर्षांच्या मुलग्यांना आईच्या पदराला धरून या समारंभात शिरण्याची मुभा असे. मी ती पुरेपूर वापरली आहे.

डाळीची कृती कोणाला सांगायला नको, तरी आमच्या घरची सांगतो. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजत घालायची. एका वाटीच्या जवळजवळ दोन वाट्या होतात. ती रोवळीत उपसून पाणी पुरते निथळू द्यायचे, नाहीतर पाट्यावर वाटताना गिच्च गोळा होतो. वाटायची तीही भरडच. दाताखाली कण आला पाहिजे. मग वाटीभर डाळीला अर्धी-पाऊण वाटी किसलेली कैरी, तीन-चार हिरव्या मिरच्या, मीठ, चवीपुरती साखर. फोडणी हिंग-मोहरी-हळदीची, आणि ती निवल्यावर वर ओतायची. गरम फोडणी ओतली की कैरीचा वास जातो. वर कोथिंबीर. कोकणातली माणसे ओले खोबरे सढळ हाताने घालतात. आमच्याकडे ओले खोबरे म्हणजे रंगनाथ स्वामींच्या देवळात फोडलेला नारळ. तो जेवढा घरी आला तेवढाच. कालवायला कल्हईचे पातेले हवे, कारण आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो.

हा पदार्थ आला कुठून? पुष्कळांची समजूत अशी की ही पुण्या-कोकणाकडची रीत असून पेशवाईत ती वऱ्हाडात पोचली. खोबऱ्यापुरती ती खरी असेलही. परंतु डाळ आणि पन्हे ही जोडी पाहिली म्हणजे माझी नजर पश्चिमेऐवजी दक्षिणेकडे वळते. पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेले की रामनवमीला प्रसाद मिळतो तो वडपप्पूचा आणि पानकमचा. वडपप्पू म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, आणि पानकम म्हणजे गूळ, मिरी, सुंठ, वेलची घातलेले गार पाणी. आणखी खाली कर्नाटकात त्याच दिवशी कोसंबरी आणि पानक. कोसंबरीत भिजवलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ, काकडी, आणि हंगामात किसलेली कैरीसुद्धा. आमची कोशिंबीर त्या कोसंबरीची सख्खी बहीण आहे हे नावावरूनच दिसते, आणि पन्हे हा तर ‘पानक’ शब्दाचाच झिजलेला मुखवटा. रामनवमी येते चैत्र शुद्ध नवमीला, म्हणजे गौर झोपाळ्यात असतानाच. नदीच्या अलीकडे गौरीला आणि पलीकडे रामाला, पण महिना तोच, ऊन तेच, आणि नैवेद्यही बहुतेक तोच: चूल न पेटवता केलेली भिजकी डाळ आणि आंबटगोड पेय. देव बदलले तरी उन्हाळा बदलला नाही, त्यामुळे ताट बदलले नाही, असा माझा तर्क आहे. रंगनाथ हे आमच्या ग्रामदैवताचे नावही ऐकताच कावेरीकाठचे श्रीरंगम आठवते. पण या धाग्याला फार ताणू नये.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात अन्नभोग आणि पानीयभोग अशी स्वतंत्र प्रकरणेच आहेत. डाळींचे प्रकार आणि पानके यांचे कौतुक या भूमीला किती जुने आहे ते त्यावरून कळते. मात्र राजाच्या ताटात हिरवी मिरची नव्हती, कारण ती अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली, आणि आल्या आल्या तिने मिरीचे काम आणि नाव दोन्ही बळकावले. तेलुगू पानकमात मिरी अजून टिकून आहे. आमच्या आंबेडाळीतून ती साफ हद्दपार झाली. तेव्हा आजच्या चवीची आंबेडाळ चारशे वर्षांपलीकडे नेता येत नाही, तिची आई मात्र बरीच वृद्ध असली पाहिजे.

हा पदार्थ समारंभाचा झाला याचे एक कारण रोकडे आहे. तो स्वस्त होता. तूप नाही, दूध नाही, जळण नाही. शेर-दीड शेर डाळ आणि बांधावरच्या गावरान आंब्याच्या चार कैऱ्या एवढ्यावर आळीतल्या चाळीस बायका तोंडभर बोलून घरी जात. मोठ्या वाड्यातले हळदीकुंकू आणि दोन खोल्यांतले हळदीकुंकू यांत पुढ्यातली वाटी सारखीच असे. स्त्रियांच्या जगात ही समानता काही लहान नव्हती.

पण ‘स्वस्त’ या शब्दाला विदर्भात एक काळी बाजूही आहे. ज्यांना हरभराही परवडत नसे त्यांच्या घरी लाखोळीची डाळ शिजे. अवर्षणातही तग धरणारे ते पीक. नर्मदाकाठी नवदाटोलीला सांकलियांनी केलेल्या उत्खननात मसूर, मूग, उडीद, वाटाणा यांच्यासोबत लाखही सापडली, म्हणजे गरिबाचा आणि तिचा संबंध साडेतीन हजार वर्षांचा तरी आहे. दुष्काळात महिनोन् महिने तीच खावी लागली की माणसांचे पाय लुळे पडत. सागर भागात असे पांगळे झालेले लोक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्लीमनने पाहून नोंदवले आहेत. पाणी पुन्हा पुन्हा बदलून भिजवली, उकळून ते पाणी फेकले, की तिचे विष बरेच उतरते. पण पाण्याचाच दुष्काळ असेल तर ते फेकणार कोण? १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. हरभऱ्याच्या डाळीत तिची भेसळ होई, म्हणून आमच्या घरी डाळ निवडताना तिरकस, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा दाणा दिसला की वेगळा काढीत. कच्च्या डाळीचा पदार्थ, त्यात ही काळजी जास्तच.

पुढे हरभराही तितका स्वस्त राहिला नाही. १९६१ साली देशात माणशी रोज सुमारे ६९ ग्रॅम डाळी-कडधान्ये उपलब्ध होती. २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली होती. गहू-तांदळाला पाणी, खत, हमीची खरेदी सगळे मिळाले, आणि डाळी कोरडवाहू तुकड्यांवर राहिल्या. २०१५ साली तुरीची डाळ शहरांत दोनशे रुपये किलोच्या वर गेली, तेव्हा आमची एक काकू म्हणाली, “आता डाळीलाच हळदीकुंकू लावा, बापा!”

गार करण्याची युक्ती तर फुकटचीच. मुंबईला १८३४ साली अमेरिकेहून बर्फ उतरले, आणि जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानीत आइस्क्रीम खाऊन पाहुण्यांना पडसे झाले, अशी बातमी तेव्हा छापून आली होती. वणीला बर्फाची गरज नव्हती. डाळीचे पातेले ओल्या वाळूत, माठाच्या शेजारी ठेवायचे, वर पिळलेले ओले फडके. इथले ऊन कोरडे. पाणी झरझर वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. देशात पहिले रेफ्रिजरेटर १९५८ साली तयार होऊ लागले, पण आमच्या घरात ते यायला पुढे वीस वर्षे लागली.

आता जे लिहायचे म्हणून बसलो ते. आमच्याकडे ही डाळ करीत असे ती आजोबांची बहीण, आमची आत्याआजी. बालपणी विधवा होऊन भावाच्या घरी आलेली. तांबडे आलवण नेसणाऱ्या शेवटच्या पिढीतली. सोवळ्यातला सगळा स्वयंपाक तिचा, त्यामुळे गौरीची डाळही तिनेच वाटायची. बाहेर झोपाळा सजे, बायका जमत, आणि ती माजघराच्या दाराआड पाट्यापाशी बसून राही. नैवेद्याआधी चव घेता येत नसे, म्हणून मी वाटी संपवून आत गेलो की ती विचारी, “मीठ बरोबर पडलं का रे?” आणि लगेच, “किती आल्या?” बायका जास्त झाल्याचे कळले की ती आणखी एक कैरी किसून डाळीत मिसळी. डाळ पुरवठ्याला येई, थोडी आंबट होई, एवढेच. बाहेर स्तुती होई ती आजीची. आजोबा गेले त्या वर्षापासून आजीही दाराच्या त्याच बाजूला जाऊन बसली. कोणी तसे सांगितले नव्हते. सांगावे लागत नसे.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. अण्णासाहेब कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो १८९३ साली. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांना कुंकू-बांगड्यांपासून तोडणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो २०२२ च्या मे महिन्यात. आमच्या घरात ही गोष्ट १९९४ च्या चैत्रात घडली. वडील जाऊन दीड वर्ष झाले होते. आईने गौर मांडली आणि बोलावणी करायला मला पाठवताना यादी दिली. तीत आळीतल्या सगळ्याच बायका होत्या, ज्यांना कधी बोलावणे गेले नव्हते त्याही. एका म्हातारीने मला दारात उभे करून दोनदा विचारले, “नक्की मलाच ना?”

येतील न येतील म्हणून आईने बेताचीच डाळ भिजवली होती. त्या आल्या, काही सुनांना घेऊन आल्या. अर्ध्या तासात पातेले तळाला गेले. आई घाईने आत आली, पदराने घाम टिपला आणि म्हणाली, “अरे, कैरी आहे का अजून एखादी?”