प्रोटोकॉल विधानांचा वाद
इंद्रियानुभवाची नोंद करणारी विधाने ज्ञानाचा अंतिम आधार ठरू शकतात काय, यासंबंधी व्हिएन्ना मंडळातील तत्त्ववेत्त्यांत झालेला वाद. विधानाची तुलना केवळ अन्य विधानांशीच करता येते; म्हणून प्रोटोकॉल विधानही प्रसंगी त्याज्य ठरते, असे ऑटो नॉइराट (१८८२–१९४५) यांनी १९३२ मध्ये प्रतिपादिले. केवळ सुसंगतीच पुरेशी मानल्यास विज्ञान व परीकथा यांत भेद उरणार नाही, असा आक्षेप मोरित्स श्लिक (१८८२–१९३६) यांनी १९३४ मध्ये घेतला. अनुभवक्षणीची निश्चिती त्यांनी मान्य केली. तथापि ती शब्दबद्ध होताच गृहीतक बनते, हेही त्यांना स्वीकारावे लागले. विल्फ्रिड सेलर्झ (१९१२–८९) यांनी १९५६ मध्ये यातील मूळ पेच दाखविला : संकल्पनारहित संवेदन समजुतीचे कारण होईल, समर्थन नव्हे, आणि समर्थन करणारे निरीक्षण पूर्वज्ञानावाचून संभवत नाही.