विषम गुणिले विषम

तीन पाचे पंधरा. विषमाला विषमाने गुणलं की उत्तर विषमच. मग साइन हे विषम फलन, आणि त्याचा वर्ग मात्र सम, हे कसं? कोनाचं चिन्ह उलटलं की साइनचं उलटतं, कोसाइनचं आहे तसंच राहतं, एवढी व्याख्या घोकून पुढे गेलं तरी हा गुणाकार पायात येतोच. मला या नावांचं कूळ सापडलं ते याच अडखळण्यातून.

त्याआधी मी भलत्याच वाटेला लागलो होतो. सूर्यसिद्धान्ताच्या दुसऱ्या अध्यायात वर्तुळाच्या चार पदांना विषम आणि युग्म म्हटलं आहे. विषम पदात कंसाच्या गेलेल्या भागावरून भुजज्या (म्हणजे साइन) काढायची, युग्म पदात उरलेल्या भागावरून. ‘ज्या’ तर आपलीच. जीवा, जैब, सायनस हा तिचा प्रवास सर्वश्रुत आहे. तेव्हा सम-विषमही आपलंच, असं मी मनोमन ठरवून टाकलं! पण तिथे विषम आहे ते पद, पहिलं नि तिसरं म्हणून. ज्या आणि कोटिज्या (कोसाइन) दोघींनाही तीच पदं. दावा सोडला.

‘सम म्हणजे सममित’ ही व्युत्पत्तीही सुचते, पण टिकत नाही. विषम फलनाचा आलेखही सममितच असतो, फक्त आरंभबिंदूभोवती.

नावं ठेवली ऑयलरने, १७२७ सालच्या वक्ररेषांवरील लॅटिन लेखात: पारेस आणि इम्पारेस, जोड आणि विजोड. तेव्हा तो जेमतेम विशीचा. आधार घातांकांचा. घातांक सम असला की क्षचं वजा चिन्ह गिळलं जातं, विषम असला की टिकतं. आणि घातांचा गुणाकार करताना घातांकांची होते बेरीज. विषम अधिक विषम, सम. साइनच्या वर्गाचं कोडं इथे सुटतं, आणि माझ्या लेखी कुळाचा वादही.

एक रुखरुख उरते. माधवाच्या केरळी परंपरेने ज्येची आणि शराची (म्हणजे एक वजा कोसाइनची) श्रेणी ऑयलरच्या कितीतरी आधी मांडली होती. सोळाव्या शतकातल्या ज्येष्ठदेवाच्या मल्याळम ‘युक्तिभाषे’त तिची उपपत्तीही आहे. मग हे नाव तिथेच का पडलं नाही? माझा तर्क असा, की पदांच्या नियमाने काम भागत होतं, ऋण कोनाची गरजच पडली नाही. सामग्री मात्र हाताशी होती: ज्येच्या श्रेणीत घातांक १, ३, ५, ७, शराच्या श्रेणीत २, ४, ६, ८.