कोदंड, कार्मुक आणि धामण

अमरकोशाशी थोडाफार परिचय असलेल्या विद्यार्थ्याला धनुष्याचे शब्द एका दमात मिळतात: धनुस्, चाप, धन्व, शरासन, कोदंड, कार्मुक. पुढे तो काव्य वाचू लागला की या शब्दांकडे समानार्थी शब्दांचा साठा म्हणूनच पाहतो. वृत्तात जशी जागा असेल तसा शब्द कवी उचलतो, इतकेच त्याचे स्पष्टीकरण असते. आम्हीही वर्गात हेच सांगत आलो. या समजाला पहिला तडा गेला तो ग्रंथालयात नव्हे, तर यवतमाळात एका मित्राच्या परसात. तिथे आम्ही तिघांनी आयुष्यात पहिल्यांदाच, बांबूचे आणि लाकडाचे थर एकावर एक चिकटवून, मधोमध सुटे करता येईल असे एक लांब धनुष्य घरच्या घरी करायला घेतले होते.

हा उद्योग कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे खरे उत्तर फारसे भारदस्त नाही. एका स्नेह्यांनी परदेशातून असे जोडधनुष्य आणले होते. ते हाताळताना, आपण इतकी वर्षे ज्या वस्तूविषयी बोलतो ती आपल्याला मुळीच ठाऊक नाही, ही खंत मनाला लागून राहिली. सुटे होणारेच का, याचे कारण त्याहूनही व्यावहारिक होते. साडेपाच फुटांचे धनुष्य एस.टी.त घेऊन चढणे म्हणजे वाहकाशी आणि सहप्रवाशांशी भांडण ओढवून घेणे. वाल्मीकींच्या बालकांडात जनकाचे धनुष्य आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून येते आणि ती ओढायला पाच हजार माणसे लागतात. आमच्या हाताशी तशी सोय नव्हती.

आता मूळ मुद्दा. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या अध्यक्षाचे प्रकरण आहे. हा ग्रंथ शामशास्त्रींनी १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केला, तेव्हापासून ते कोणालाही पाहता येते. तिथे धनुष्ये कशाकशाची, हे सांगताना चार द्रव्ये येतात: ताड, बांबूचा एक प्रकार, लाकूड आणि शिंग. शामशास्त्रींच्या अर्थानुसार यांची नावे क्रमाने कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनुस्. म्हणजे कवीच्या दृष्टीने जे पर्याय, ते कोठाराच्या कारकुनाच्या दृष्टीने चार वेगळे जिन्नस! कोदंड मागितले आणि कार्मुक दिले तर त्याच्या नोंदीत घोटाळा होणार. रामाच्या हातातले कोदंड बांबूचे होते असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. महाकाव्याच्या भाषेला कोठाराचा हिशेब लावणे हा अरसिकपणा ठरेल. पण विष्णूच्या शार्ङ्गाचे काय? त्याच्या नावातच शिंग आहे, आणि शिंगाचे धनुष्य म्हटले की ते प्रायः थराथरांचेच असते.

असे का, हे समजायला हातात पट्टी वाकवून पाहावी लागते. धनुष्य ओढले की त्याची लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. धनुर्धराकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. मधल्या भागावर ताण जवळजवळ नसतो. ताण सोसणारे द्रव्य निराळे आणि दाब सोसणारे निराळे. मध्य आशियापासून मोगल दरबारापर्यंत जी कमान पसरली तिच्यात पाठीला जनावराची स्नायू-तंतूंची पट्टी, पोटाला शिंग आणि मध्ये लाकूड अशी रचना असे. जपानच्या कारागिरांनी हेच काम बांबू आणि लाकूड यांचे थर जुळवून साधले. प्राणिज सरसाने जोडलेली कमान कोरड्या हवेत अप्रतिम, पण आपल्या पावसाळ्यात सरस सुटतो. हिंदुस्थानात पोलादी कमानी घडवल्या गेल्या, त्यामागचे हे एक कारण सांगितले जाते. त्यांपैकी काहींची मूठ मधोमध आट्यांची असून कमान फिरवून दोन तुकड्यांत सोडता येई. तेव्हा सुटे होणारे धनुष्य ही निव्वळ पाश्चात्त्य शिकाऱ्यांची युक्ती, हा आमचा दुसरा समजही तिथेच गळून पडला.

दख्खनच्या आणि विदर्भाच्या जंगलातला माणूस या भानगडीत पडला नाही. त्याच्याजवळ बांबू होता, आणि बांबू हे निसर्गानेच केलेले थरांचे काम आहे. सालीलगतचे तंतू दाट आणि चिवट, आतल्या बाजूचे विरळ आणि मऊ. पाठीला साल आणि पोटाला गाभा ठेवला की अर्धे काम झालेलेच असते. हिरोडोटसाने झर्क्सीसच्या इ.स.पू. ४८० च्या सैन्यातील भारतीयांचे वर्णन करताना त्यांची धनुष्ये आणि बाण वेळूचे असल्याची नोंद केली आहे. नेआर्खसच्या आधारे लिहिणारा अरायन सांगतो की भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाएवढे उंच असे, आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटून ओढत. इ.स.पू. ३२६ मध्ये पुरूच्या सैन्याला पावसाने निसरड्या झालेल्या जमिनीवर ही धनुष्ये नीट टेकवता आली नाहीत, असे कर्टियस लिहितो. मोठ्या लढाईच्या वृत्तांतात चिखलाला मिळालेली ही जागा आम्हाला फार मोलाची वाटते.

यवतमाळच्या जंगलात मिळणारा बांबू मुख्यतः मानवेल. तो बराचसा भरीव असतो. आम्ही हिवाळ्यात तोडलेला, चांगला वाळलेला बांबू एका बुरूड कारागिराकडून घेतला आणि त्याच्या कामट्या काढल्या. मराठीत बांबूच्या पट्टीला कामटी म्हणतात (पतंगाच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक असतो), आणि धनुष्याला कमठा; तिरकमठा हा जोडशब्द तर सर्वांच्या ओळखीचा. दोन शब्द एकाच मुळाचे आहेत की नाहीत, हा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. आमच्या परसात मात्र कामटीपासूनच कमठा होत होता. पहिल्या बांबूच्या दोन पट्ट्यांना आतून घूण लागलेली निघाली. तिने कोरलेल्या रेघा पाहताना घुणाक्षरन्याय शिकवण्याचे दिवस आठवले. अक्षर मात्र एकही जमलेले नव्हते.

मधल्या थरासाठी लाकूड कोणते, यावर बराच खल झाला. यवतमाळ म्हणजे सागवान, म्हणून आम्ही डोळे मिटून साग निवडला. मूठही सागाचीच केली. दोन घटकांचा इपॉक्सी सरस, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट आवळलेले थर, दोन दिवस उन्हात ठेवलेला साचा: सगळे यथासांग झाले. तिसऱ्या दिवशी दोरी चढवून हळूहळू ओढू लागताच मुठीपाशी टचकन आवाज आला आणि थर एकमेकांपासून सुटले. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे तो वाळवीला दाद देत नाही, पण त्याच गुणामुळे सरसालाही सहजी धरत नाही. चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग द्रावकाने पुसून घ्यायला हवा होता, हे नंतर कळले. वाल्मीकींचे शिवधनुष्यही मध्यभागीच मोडते. संस्कृतात या मध्यभागाला लस्तक असा स्वतंत्र शब्द आहे. तो आम्ही कित्येकदा वाचला असेल. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

दुसऱ्या खेपेला धामण आणली. धामण म्हटले की आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर साप येतो. इथे अभिप्रेत आहे तो वृक्ष, सागाच्या जंगलात त्याच्या सोबतीने वाढणारा. त्याचे लाकूड लवचीकपणासाठी प्रसिद्ध आहे. संस्कृतात त्याला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्ष असेही एक नाव आहे. धन्वनाचे धामण होताना ध्वनी झिजले आणि धनुष्य शब्दातून दिसेनासे झाले. लाकडाचा गुण मात्र तसाच राहिला. ज्या झाडाच्या नावातच आपल्याला हवी ती वस्तू लिहिलेली होती, ते सोडून आम्ही केवळ प्रसिद्धीला भुलून सागाकडे गेलो होतो. भाषेच्या शिक्षकांना हे शोभणारे नव्हते.

मग खरे काम सुरू झाले: पोटाची बाजू थोडी थोडी तासून दोन्ही बाहूंचा वाक सारखा करणे. इथे एक गणित निर्दयपणे आड येते. पट्टीचा ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली की ताठरपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. रंध्याचा एक जादा हात फिरला तर एक बाहू लुळा पडतो आणि त्याच्याशी जुळवायला दुसराही तासावा लागतो. अशाने शेवटी धनुष्याचे खेळणे होते. (चाप, ज्या आणि शर हे तिन्ही शब्द आपल्या गणित्यांनी वर्तुळासाठी धनुष्यावरूनच घेतले, हे या ठिकाणी आठवणे अपरिहार्य होते.)

या टप्प्यावर आम्हाला गुरू भेटले. केळापूर तालुक्यातील एका पोडावरचे एक वृद्ध कोलाम गृहस्थ, बांबूकामात आयुष्य गेलेले, मित्राच्या घरी टोपल्या द्यायला आले होते. ते बराच वेळ नुसते पाहत उभे राहिले. आमच्यापैकी एकाने पाठीवरची बांबूची साल गुळगुळीत करायला पटाशी उचलली, तसे ते पुढे झाले. "पाठीले हात नोका लावू, गुर्जी. पोट तासा." सालीचे तंतू कापले की तिथूनच ती चिरते, हे त्यांनी नख ओढून दाखवले. आम्ही म्हणालो, "बाबा, तुम्हीच दाखवा ना." त्यांनी पटाशी बाजूला ठेवली आणि कमरेचा विळा काढून, काचेने खरवडावे तितक्या हलक्या हाताने, एक बाहू तासभरात जुळवून दिला. त्यांच्या वडिलांचा कमठा होता. त्यांचा स्वतःचा नाही.

तो का नाही, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १९२७ च्या वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. कायदा झाड म्हणत राहिला, आणि झाड म्हटल्यामुळे त्याची तोड आणि वाहतूक परवान्याच्या कक्षेत आली. याच जिल्ह्यात १० जुलै १९३० रोजी पुसदला, वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. त्या दिवशी विळा गवतावर चालला. वेळूही गवतच, ही गोष्ट कायद्याच्या लेखी यायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले. २०११ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. १९२७ च्या कायद्यातील व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये, म्हणजे ९० वर्षांनी. दरम्यान १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. ती थांबायलाच हवी होती, असे आमचे मत आहे. टिपेश्वरच्या जंगलात आज वाघ आहेत, हे त्याचेच फळ. पण शिकारीबरोबर बाणच नव्हे, तर पाठीला हात न लावण्याची जाणही जात होती, याची नोंद कोणत्याही खात्याने ठेवली नाही.

संस्कृत सुभाषितकारांचा एक आवडता श्लेष आहे. वंश म्हणजे कुळ आणि बांबू, गुण म्हणजे सद्गुण आणि दोरी; चांगल्या वंशाचा, गुणवान, नमणारा असे म्हटले की सज्जन आणि धनुष्य दोन्ही साधतात. आम्ही हा श्लेष फळ्यावर दोन बाण काढून समजावत असू. अर्थशास्त्रात दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेणूही सांगितला आहे. बांबूची दोरी कशी असेल, असे वाटून आम्ही ते वाक्य ओलांडून जात असू. भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्याच पातळ पट्टीची दोरी असते. म्हणजे तिथे वंशालाच वंशाचा गुण लावलेला असतो, आणि सुभाषितकारांची कोटी आपोआप पूर्ण होते. कोटी म्हणजे धनुष्याचे टोकही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

आमच्या धनुष्याला शेवटी पॉलिएस्टरच्या धाग्याची दोरी लागली. मूठ मधोमध कापून दोन्ही टोके एका पोलादी नळीत बसवली. अडसष्ट इंच लांब, अठ्ठावीस इंच ओढल्यावर सुमारे पस्तीस पौंड जोराचे. वीस पावलांवरच्या गवताच्या भाऱ्यात पहिला बाण शिरला तेव्हा बाबा हजर होते. त्यांनी धनुष्य उलटसुलट पाहिले, नळीतून सोडवले, पुन्हा जोडले, पुन्हा सोडवले. मग आमच्यात वाद सुरू झाला की कौटिल्याच्या यादीत हे कुठे बसेल. बांबू आहे म्हणून कोदंड म्हणावे, तर मध्ये लाकूड. द्रूण म्हणावे, तर पाठ बांबूची. आणि लोखंडी नळीला तर तिथे रकानाच नाही. बाबांनी दोन्ही तुकडे हातात तोलले आणि विचारले, कशाबद्दल भांडता? आम्ही सांगितले.

"कमठाच व्हय हा," ते म्हणाले, आणि उरलेली धामण कुठून आणली ते विचारू लागले.