सिनेमाची कच्ची वही

आपल्या वेळी गणिताच्या दोन वह्या असत, एक पक्की आणि एक कच्ची. पक्कीला खाकी कव्हर, लाल शाईने आखलेला समास. ती तपासायला जाई. कच्ची वही वर्षअखेरीस रद्दीत जाई. पण एखादा मुलगा अडला की सर बाकापाशी येऊन म्हणत, "कच्ची दाखव." गणित नेमके कुठे चुकले, ते तिथेच सापडायचे.

या मेळाव्यानिमित्त शाळेला काय द्यावे, याची चर्चा आपल्या ग्रुपवर गेले काही महिने चालू आहे. मुलांसाठी दरवर्षी लघुपट स्पर्धा, फिरता करंडक आणि रोख बक्षीस, ही सूचना बहुतेकांना आवडली आहे. तिच्यावर हात वर करण्याआधी, आपल्या महाराष्ट्रात सिनेमा करणारी माणसे सिनेमा शिकली कशी, हे एकदा पाहावे असे वाटले. म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून. ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून त्यांना सिनेमाचे वेड लागले, ही गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. तेव्हा ते चाळिशीत होते. चित्रकला, छायाचित्रण, छपाई ही कामे हाताखालून गेलेली होती, पण सिनेमा शिकवणारी शाळा देशात नव्हती. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांना काम पाहायला मिळाले. विल्यमसन कॅमेरा खरेदी करून ते परतले.

परत आल्यावर त्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र' काढला नाही. आधी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि दिवसामागून दिवस थोडी थोडी फिल्म खर्च करत रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता मोठे झाले. गोष्ट नाही, नट नाहीत, पोशाख नाहीत. पण कॅमेरा स्थिर ठेवणे, उजेड सांभाळणे, फिल्म धुणे, छापणे हे सगळे त्या एका कुंडीवर गिरवून झाले. सरस्वतीबाईही अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडण्यासारखी कामे शिकल्या. हाच छोटा तुकडा दाखवून फाळक्यांनी भांडवल मिळवले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. भारतीय सिनेमाच्या पक्क्या वहीचे ते पहिले पान मानले, तर कच्च्या वहीचे पहिले पान वाटाण्याचे आहे.

त्यानंतरची पिढी कारखान्यात शिकली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम पडेल ते काम करत तयार झाले. दामले आणि फत्तेलालही तिथलेच. पुढे १९२९ मध्ये याच मंडळींनी प्रभात काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आणली. ही गुरुकुल पद्धत होती. तिने मोठी माणसे घडवली, पण तिला एक मर्यादा होती. शिकाऊ माणसाची चूक मालकाच्या खर्चात जमा होई. त्यामुळे नवख्याच्या हाती कॅमेरा यायला वर्षे लागत, आणि ज्याची कंपनीत ओळख नाही त्याला तर दारही उघडत नसे.

चित्रपट व्यवसायाच्या चौकशीसाठी नेमलेल्या स. का. पाटील समितीने १९५१च्या अहवालात प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली. प्रभातचा स्टुडिओ तोवर बंद पडण्याच्या वाटेवर होता. अखेर १९६० मध्ये त्याच जागेत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. जिथे 'संत तुकाराम' घडला, त्या आवारात आता विद्यार्थ्यांना चुका करण्याची अधिकृत परवानगी मिळाली. माझ्या मते या संस्थेचे हे सर्वांत मोठे देणे.

तिथली पद्धत आपल्या गिरवण्यासारखीच. आधी छोटे स्वाध्याय: एक माणूस दारातून आत येतो, बसतो, एवढेच चित्रित करायचे, पण तुकडे जोडल्यावर हालचाल सलग दिसली पाहिजे. मग संवादाचा स्वाध्याय. शेवटी पदविकेचा लघुपट. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन शिकणारे विद्यार्थी मिळून तो करतात, त्यामुळे एकाची चूक चौघांना निस्तरावी लागते. त्यात फिल्म मोजून मिळे. पस्तीस मिलिमीटरची ४०० फुटांची गुंडाळी कॅमेऱ्यातून जेमतेम साडेचार मिनिटांत संपते. म्हणून कळ दाबण्याआधी तालीम, आखणी आणि भांडणे करून घ्यावी लागत. नंतर अंधारात सगळ्यांसमोर आपले काम पाहायचे, हा त्याहून कठीण तास.

१९६०च्या दशकाच्या मध्याला ऋत्विक घटक इथे शिकवायला आले. ते विद्यार्थ्यांना घेऊन आंब्याच्या झाडाखाली बसत. विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी 'फिअर' हा लघुपटही केला. शिक्षकाने स्वतः मुलांबरोबर कच्च्या वहीत उतरण्याचा हा प्रकार. त्यांचे विद्यार्थी मणि कौल आणि कुमार शहानी यांनी पुढे हिंदी सिनेमाला वेगळे वळण दिले.

अशा सरावातून निघालेली दोन कामे सांगतो. १९८७ मध्ये श्रीराम राघवन यांनी पदविकेसाठी 'द एट कॉलम अफेअर' केला. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा धावपटू खेळाच्या पानावरच्या मुलीच्या ओढीने निघतो, अशी गमतीदार कल्पना. त्याचे संकलन करणारा विद्यार्थी होता राजकुमार हिरानी. 'अंधाधुन' आणि 'मुन्नाभाई' करणारे दोघे एका स्वाध्यायात शेजारी बसले होते. पुढे उमेश कुलकर्णी यांनी 'गिरणी' केला. घरात पिठाची गिरणी आल्यावर एका शाळकरी मुलाचे जग कसे बदलते, याची ही गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'वळू' आणि 'देऊळ' त्यानंतरचे.

यासाठी पुण्याचीच संस्था लागते असेही नाही. नागराज मंजुळे तेव्हाच्या अहमदनगरात न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत होते. 'पिस्तुल्या' हा त्या अभ्यासक्रमातला लघुपट. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाची ती कहाणी राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली. त्यातला छोटा सूरज पवार पुढे 'फॅन्ड्री'त आणि 'सैराट'मध्येही दिसला. सरावात नुसता हात बसत नाही, जन्माचे सोबतीही तिथेच भेटतात. हे आपल्या बॅचला वेगळे सांगायला नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आज शाळेतल्या मुलांच्या घरात मोबाइल आहे. फिल्म संपण्याची भीती नाही, धुण्याचा खर्च नाही. फाळक्यांना जे विमा गहाण टाकून मिळाले, ते त्यांच्या खिशात आहे. नाही ती दोन गोष्टींची सोय: कोणी घालून दिलेली मर्यादा आणि शेजारी बसून बघणारे वडीलधारे माणूस. स्पर्धा लावली की मुले पक्की वही आणतील. पालक मदत करतील, एक जण करंडक नेईल, बाकीचे घरी जातील. ज्याचे चुकले त्याला कुठे चुकले हे कोणीच सांगणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. करंडकाचे पैसे एका खोलीला द्यावेत. एक पडदा, एक प्रोजेक्टर, एक बरा माइक, काळे पडदे लावलेल्या खिडक्या. महिन्यातून एक शनिवार. प्रत्येक गटाने एक मिनिटाचे काम आणायचे: एक जागा, संवाद नाही. सगळ्यांनी मिळून पाहायचे आणि पुढच्या महिन्यात तेच पुन्हा, सुधारून करायचे. बक्षीस नाही. आपल्यापैकी जे गावात आहेत त्यांनी पाळीपाळीने जाऊन बसावे. सिनेमातले कळत नसले तरी चालेल, "इथे मला समजले नाही" एवढे म्हणता आले की पुरे.

मतदान मेळाव्याच्या दुपारी आहे. सर आणि बाईही येणार आहेत. त्यांना आधी विचारू या. आमच्या कच्च्या वह्या त्यांनीच पाहिल्या आहेत.