सिटी लिव्हिंग (द सिम्स ४)

'द सिम्स ४' या जीवन-अनुकरण खेळाचा शहरी जीवनावरील विस्तार-संच. मॅक्सिसने तयार केलेला हा संच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी 'द सिम्स २'मध्ये फ्लॅटजीवन २००८ साली आले होते. सॅन मायशुनो या काल्पनिक महानगराचे चार भाग असून मसाला बाजार त्यांतील एक आहे. राजकारणी, समीक्षक व समाजमाध्यमे हे नवे पेशे यात मिळतात.

संचाचा खरा जीव भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे. शेजाऱ्याचा गोंगाट भिंतीपलीकडून ऐकू येतो. दार ठोठावून त्याला समज देता येते, मैत्री वाढल्यास घराची किल्लीही देता येते. झुरळे झाली, फ्यूज उडाला, तर घरमालकाला बोलवायचे. खेळाडू आतली मांडणी हवी तशी बदलू शकतो, इमारतीचा सांगाडा मात्र नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत क्वार्टरमध्ये राहिलेल्यांना ही अट नवी वाटणार नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरील पेंटहाउस याला अपवाद; ते पाडून नव्याने बांधता येते. गोंडकालीन परकोटातील चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत घर मुख्यतः जमिनीला धरून वाढले. खेळात ते मजल्यांनी वाढते.