१९४८ : दोन व्यवस्था, एक हिशेब
आरोग्यव्यवस्थांची तुलना करताना अभ्यासक पैसा कुठून येतो हे पाहतात. परिचारिका कुठून आल्या, हा प्रश्न मला अधिक बोलका वाटतो. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये करांवर चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी प्रशिक्षणार्थींसाठी विनिमय योजना आणली. पुढे ब्रिटनने कॅरिबियन बेटांवरून मुली बोलावल्या. त्यांतल्या अनेकींना तीन वर्षांच्या नोंदणीकृत अभ्यासक्रमाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमात घातले. तेवढ्या पात्रतेवर वॉर्डची सिस्टर होता येत नसे. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी फिलिपिनो परिचारिकांना शिक्षणाच्या नावाखाली तुटपुंज्या विद्यावेतनावर पूर्ण पाळ्या करायला लावल्या. एक व्यवस्था सरकारी, दुसरी प्रामुख्याने खासगी. दोन्हींची काटकसर परक्या मुलींच्या पगारातून झाली.